खोलीत माणसं किती?

अल्फान्सो परेराने उभं आयुष्य लोकांना गारवा पुरवण्यात घालवलं. अंधेरीपासून विलेपार्ल्यापर्यंत ज्याचा फ्रिज रुसला, ज्याचा एसी गळायला लागला, तो अल्फान्सोला फोन करायचा. साठी उलटल्यावर त्याने दुकान बंद केलं, पण घराच्या पडवीत तीन मेलेले फ्रिज आणि दोन एसींचे सांगाडे अजून उभे होते. 'कधीतरी लागतील' या एकाच वाक्याच्या आधारावर ते पेट्रिशियाच्या तावडीतून वाचले होते.

पेट्रिशिया म्हणजे बायको. घर तिच्या आईचं, कार्मेलिनबाईंचं. म्हणजे अल्फान्सो घरजावई. मरोळ गावठाणात ही गोष्ट त्याच्या तोंडावर कोणी बोलत नसे आणि पाठीमागे कोणी विसरत नसे.

कार्मेलिनबाई दरवर्षी वाइन घालायच्या. काळी द्राक्षं, मनुका, साखर, मूठभर गहू, चार लवंगा आणि यीस्ट. हे सगळं कमरेएवढ्या चिनीमातीच्या बरणीत एकवीस दिवस गुडगुडायचं. द्राक्षं आणणं, धुणं, देठ काढणं ही सगळी हमाली जावयाकडे. पण बरणीला हात लावायची मात्र त्याला सक्त मनाई होती. "तुझा हात फ्रिजवाल्याचा," त्या म्हणायच्या, "लागला तर वाइनला हीव भरेल." आणि खरं सांगायचं तर अल्फान्सोचे हात होतेच थंड. लग्न झाल्यापासून पेट्रिशिया त्यांच्या नावाने ओरडत आली होती. तो बिचारा एकतीस वर्षं देठ खुडत राहिला.

मागच्या मार्चमध्ये कार्मेलिनबाई गेल्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या, झोपेतच गेल्या, कोणाला त्रास दिला नाही. फक्त एक शब्द अर्धवट राहिला. नातीच्या, म्हणजे जॅकलिनच्या लग्नाची वाइन मीच घालणार, असं त्या पाच वर्षं सांगत होत्या, आणि जॅकलिनचं डॅरिलशी लग्न ठरलं ते त्यांच्यामागे. तारीख निघाली आठ फेब्रुवारीची.

नाताळच्या जेवणाला सगळे बसले असताना अल्फान्सो उभा राहिला आणि म्हणाला, "लग्नाची वाइन मी घालणार."

"कोण?" पेट्रिशियाने विचारलं.

"मी."

"मग मी एसी दुरुस्त करते," पेट्रिशिया म्हणाली.

सगळे हसले. जॅकलिन हसली नाही. तिने बापाच्या ताटात आणखी एक फुगिया, नाताळचा तळलेला गोल पाव, वाढला आणि हळूच म्हणाली, "पप्पा, आजीची चव नाही आली तरी चालेल. पण माझ्या लग्नाला विकतची नको हं." आता हे असं म्हटल्यावर कुठला बाप मागे हटेल? त्यात त्या घराची रीत अशी की लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीकडच्या वाइनचा पहिला ग्लास नात्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्यायचा. त्या माणसाने मान डोलावल्याशिवाय दुसरा ग्लास भरायचा नाही. यंदा तो मान कार्मेलिनबाईंच्या धाकट्या बहिणीचा, अ‍ॅग्नेस मावशीचा होता, आणि अ‍ॅग्नेस मावशीची मान गेल्या वीस वर्षांत कोणाच्याही कशालाही डोलली नव्हती.

सत्तावीस डिसेंबरला अल्फान्सोने बरणी भरली. ती ठेवायची कुठे हा प्रश्न आला. वर्षानुवर्षं तिची जागा कार्मेलिनबाईंच्या खोलीत, पलंग आणि भिंत यांच्यामध्ये. पण मार्चमध्ये पेट्रिशियाने त्या खोलीला कुलूप लावलं होतं. खोलीचा विषय निघाला की ती स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी जोरात आपटायची. अल्फान्सोने पातेल्यांची दया येऊन बरणी बाहेरच्या खोलीतच ठेवली.

तीन दिवस झकास गेले. बरणी गुडगुडत होती. अल्फान्सो सकाळ-संध्याकाळ लाकडी डावाने ढवळायचा आणि मग झाकणाला कान लावून बसायचा. चौथ्या दिवशी थंडी पडली. बाकीची मुंबई स्वेटर शोधत असते तेव्हा मरोळला खरोखर स्वेटर लागतो, कारण पलीकडे आरे कॉलनी. तिथल्या झाडांतून निघालेला वारा थेट परेरांच्या बाहेरच्या खोलीत येऊन थांबतो. पहाटे अल्फान्सोने थर्मामीटर बघितला तर सतरा. दुपारी अठ्ठावीस. दुसऱ्या दिवशी पहाटे सोळा. पाचव्या दिवशी बरणी गप्प झाली.

"काय म्हणते?" पेट्रिशियाने विचारलं. तो कान लावून बसलाच होता.

"काही नाही."

"आईने सांगितलं होतं. हीव भरलं तिला."

"तसं नसतं गं," अल्फान्सो चिडून म्हणाला. "यीस्टला थंडीने काही होत नाही, चढउताराने होतं. दिवसा उकडतं, रात्री गारठतं. त्याला एकच तापमान पाहिजे. पंचवीस म्हणजे पंचवीस."

"मग दे ना. छत्तीस वर्षं लोकांना देत होतास."

हे मात्र त्याला झोंबलं. तो तडक पडवीत गेला आणि तीन फ्रिजांपैकी सर्वांत मोठा निवडला. वरचा एक सोडून आतले कप्पे काढले, कॉम्प्रेसर काढला, तळाशी बल्बचं होल्डर बसवलं, वर एक थर्मोस्टॅट. पंचविसाच्या खाली उतरलं की बल्ब लागणार, वर गेलं की विझणार. फ्रिजची भिंत बाहेरची ऊब आत येऊ देत नाही, तशी आतली ऊबही बाहेर जाऊ देत नाही. आयुष्यभर गार करणाऱ्या कपाटाला त्याने एका दुपारी गरम करायला शिकवलं, आणि या गोष्टीचा त्याला इतका अभिमान वाटला की त्याने गल्लीतून जाणाऱ्या दूधवाल्यालाही थांबवून ती समजावली.

अडचण एकच होती. जुना तारेचा पिवळा बल्ब आता मिळतो कुठे? दुकानातल्या नव्या बल्बांचा उजेड पडतो, ऊब मिळत नाही. शेवटी बल्ब मिळाला समोरच्या चंद्रप्रकाश परबांकडे. परब मूळचे मालवणकडचे. काहीही फेकायचं नाही हा त्यांचा धर्म, आणि त्यांच्या माळ्यावर असे सात बल्ब निघाले.

"घे रे आल्फू," चंद्रप्रकाश म्हणाले. "पण बल्ब माझा आहे हं."

या वाक्याचा अर्थ अल्फान्सोला तेव्हा कळला नाही. बरणी फ्रिजात गेली, बल्ब लागला, आणि दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा गुडगुडायला लागली. पंचवीस म्हणजे पंचवीस. अल्फान्सो दोन दिवस गल्लीत छाती काढून फिरला.

तिसऱ्या दिवशी परबांची बायको, अनुपमा, पातेलं घेऊन दारात. "अल्फान्सोभाऊ, आंबोळ्यांचा पीठ आसा. दोन दिस झाले, फुगाक नाय मेला. तुमच्या त्या गरम फ्रिजात ठेवू? बल्ब आमचाच आसा ना?"

नाही कसं म्हणणार? पातेलं आत गेलं. रात्रीत पीठ असं काही फुगलं की अनुपमाने सकाळी सगळ्या गल्लीला आंबोळ्या वाटल्या, आणि तिथेच वाट लागली. ओसरी दिली की माणसं पाय पसरतात. कोणाचं दही लागत नव्हतं, ते आलं. कोणाचं इडलीचं पीठ आलं. अ‍ॅग्नेस मावशीने फुगियांचं पीठ पाठवलं, वर निरोप की धक्का लावू नका. खुद्द चंद्रप्रकाश रोज अंघोळीआधी थिजलेल्या खोबरेल तेलाची बाटली आत ठेवायचे आणि दहा मिनिटांनी येऊन न्यायचे. दर वेळी दार उघडायचं, ऊब बाहेर पडायची, थर्मोस्टॅट टक करायचा. अल्फान्सोने दारावर कागद चिकटवला, 'उघडू नये'. लोक तो वाचायचे, मान हलवायचे आणि दार उघडायचे.

"मुंबईभर फ्रिज बसवले मी," तो पेट्रिशियाला म्हणाला, "पण असा चालणारा एकही नव्हता."

"लग्नात आंबोळ्याच वाढू," पेट्रिशिया म्हणाली. "वाइनपेक्षा त्या बऱ्या जमतायत तुला."

मग तो रविवार आला. डॅरिलच्या घरी बोरिवलीला जेवणाचा बेत ठरवायला सगळे गेले होते. जाताना अल्फान्सोने फ्रिजच्या दाराला दोरी बांधली आणि दोरीला गाठ मारली. पण अनुपमा त्याच्या आधी आत जाऊन आली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी माहेरची माणसं यायची होती, म्हणून तिने या खेपेला पातेलं काठोकाठ भरलं होतं. बंद कपाटात पीठ फुगलं, फुगून काठावर आलं, काठावरून उतरलं आणि थेंबाथेंबाने तापलेल्या बल्बवर पडलं. बल्ब फुटला. त्याच्याबरोबर घराचा फ्यूज गेला.

संध्याकाळी घरी येऊन अल्फान्सोने दार उघडलं तेव्हा आत अंधार होता, आंबट वास होता आणि तळभर पीठ होतं. बरणीचं झाकण घट्ट होतं, आत काही गेलं नव्हतं. पण काचा सापडेपर्यंत, पीठ निपटेपर्यंत, नवी वायर आणेपर्यंत दीड दिवस गेला, आणि त्या दीड दिवसात वर्षातली सर्वांत कडक थंडी येऊन गेली. अनुपमा दाराशी उभी राहून रडली. तिला काय बोलणार? अल्फान्सोने तिलाच पाणी दिलं.

बरणी पुन्हा गप्प. दुसरा बल्ब लावला तरी गप्प. लग्नाला चोवीस दिवस उरले होते. पुन्हा पहिल्यापासून घालून, गाळून, मुरवायला वेळ नव्हता.

बुधवारी सकाळी अल्फान्सोने जॅकलिनला समोर बसवलं. "पोरी," तो म्हणाला, "विकतची आणू या. चांगली आणतो, नाशिकची." ती फडकं घेऊन फ्रिजच्या दाराच्या रबरात वाळलेलं पीठ खरवडत बसली. ते बघून अल्फान्सोला फार वाईट वाटलं. भिंतीवर कार्मेलिनबाईंचा फोटो होता. तो फोटोकडे बघून म्हणाला, "तुमचं खरं होतं. माझा हात नाही तो."

पेट्रिशिया स्वयंपाकघरात होती. या खेपेला काही आपटल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात किल्ली होती.

"उचल बरणी," ती म्हणाली.

खोली दहा महिन्यांनी उघडली. पलंग, कार्मेलिनबाईंच्या लुगड्यांची पेटी, खिळ्याला टांगलेली जपमाळ. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये जमिनीवर एक गोल डाग होता, बरणीच्या बुडाएवढा. बरणी त्यावर अचूक बसली. पेट्रिशियाने पेटीतून आईचं एक लुगडं काढलं, बरणीभोवती गुंडाळलं, आणि मग तिथेच पलंगावर बसून रडायला लागली. अल्फान्सोने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"थंड हात काढ," ती रडता रडता म्हणाली. त्याने काढला.

दुसऱ्या दिवशी पहाटे खोलीत थर्मामीटर अठरावर होता. अल्फान्सोचा विश्वास बसेना. बाहेरच्यापेक्षा कणभर बरं, पण हे काही पंचवीस नव्हे. जिथे एकतीस वर्षं दर डिसेंबरात वाइन बिनतक्रार झाली, ती हीच खोली ना? त्याने दाराची फट बघितली, माळा बघितला, स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावून बघितला. काही बिघाड सापडेना.

"आई असताना ही खोली अशी गार नसायची कधी," पेट्रिशिया दारातून म्हणाली.

तिचं ऐकून अल्फान्सोने सवयीने कानावरची पेन्सिल काढली. एसी बसवायला गेला की गिऱ्हाइकाला जे प्रश्न विचारायचा, तेच विचारायला लागला. "लांबी?"

"दहा फूट."

"रुंदी?"

"नऊ असेल. तुला माहीत नाही?"

"खिडक्या किती?"

"एक. ती उघडतच नाही."

"उन्हाची भिंत?"

"नाही."

"खोलीत माणसं किती?"

प्रश्न विचारला आणि तो स्वतःच थांबला. पेट्रिशिया आत येऊन पलंगाच्या कडेवर बसली.

"आम्ही सहा भावंडं, आई आणि बाबा," ती म्हणाली. "जमिनीवर पाय ठेवायला जागा नसायची. मग एकेक लग्न होऊन गेले. मग बाबा गेले. मग आई आणि जॅकी, जॅकी इथेच झोपायची ना, नोकरी लागेपर्यंत. त्यानंतरही डिसेंबर-जानेवारीत वसईचे, कॅनडाचे सगळे पाहुणे याच खोलीत."

"आणि आता?"

"आता कोणी नाही."

अल्फान्सो मटकन पेटीवर बसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! छत्तीस वर्षं तो लोकांना सांगत आला होता की खोलीतला माणूस म्हणजे शंभर वॅटचा बल्ब. आठ माणसं बसणार असतील तर एसी मोठा घ्या, मग म्हणू नका सांगितलं नाही. हजार घरांतली माणसं त्याने मोजली होती. स्वतःच्या घरातली मोजायची राहून गेली, आणि तो परबांच्या माळ्यावर बल्ब शोधत होता.

त्या रात्री जॅकलिन आजीच्या पलंगावर झोपली आणि पेट्रिशियाने खाली गादी टाकली. पहाटे थर्मामीटर एकवीस. दोघी डोळे चोळत त्याच्याकडे बघत होत्या.

"एक माणूस कमी पडतंय," पेट्रिशिया म्हणाली.

"पाहिजे तर आमचे हे न्या," अनुपमा पडवीतून ओरडली. गल्लीत काही लपून राहत नाही. "घोरतत, पण गरम असतत!"

"नको गं," पेट्रिशिया म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "तू का बाहेर झोपतोस?"

"मी?" अल्फान्सो गडबडला. एकतीस वर्षांत तो त्या खोलीत कधी झोपला नव्हता. सासूची खोली. जावयाने दारापर्यंत जायचं, द्राक्षांची टोपली ठेवायची, मागे फिरायचं. "मी कसा काय..."

"तू कोण पाहुणा आहेस का?" पेट्रिशिया म्हणाली. "आण तुझी गादी."

त्याने गादी आणली. पहाटे तेवीस. दुसऱ्या पहाटे तेवीस. तिसऱ्या पहाटेही तेवीस, ना वर ना खाली. पंचवीस नाही झाले, पण तेही आता अल्फान्सोला चालणार होतं, कारण तिसऱ्या पहाटे तो उठला तो आवाजानेच. लुगड्यात गुंडाळलेली बरणी हळूहळू गुडगुडत होती. त्याने पेट्रिशियाला हलवलं. तिने ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "लहानपणी मला वाटायचं, आईचं पोट वाजतंय." मग दोघं खूप हसली. जॅकलिनला कारण कळेना, पण तीही हसली.

रोज सकाळी बरणी ढवळायचं काम आता कोणाच्या हाताचं, यावर घरात एक शब्द झाला नाही. पेट्रिशियाने डाव आणून अल्फान्सोच्या हातात दिला, बस्स. सव्वीस जानेवारीला गाळली. रंग उतरला गडद, जांभळाच्या जवळचा. बाटल्या पुन्हा त्याच खोलीत गेल्या.

सात फेब्रुवारीच्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं. अंगणात बँडवाला सनई जुळवत होता, परब पती-पत्नी पुढच्या खुर्च्या धरून बसली होती. अल्फान्सोने पहिला ग्लास भरला आणि अ‍ॅग्नेस मावशीच्या हातात दिला. जॅकलिन त्याच्या दंडाला धरून उभी होती. मावशीने वास घेतला, घोट घेतला, तो तोंडात फिरवला, आणि छताकडे बघत बसली. बँडवालाही थांबला.

"ही कार्मेलिनची नाही," मावशी म्हणाली.

 अल्फान्सोच्या दंडावरची पकड घट्ट झाली.

"कार्मेलिन साखर फार घालायची," मावशी म्हणाली. "मी तिला पन्नास वर्षं सांगत होते. तिने ऐकलं नाही." तिने ग्लास संपवला आणि पुढे केला. "भर." आणि मग, सगळ्यांनी बघितलं म्हणून बरं, तिची मान डोलली.

जॅकलिनने बापाला मिठी मारली ती सोडेचना. अल्फान्सोने नंतर किती ग्लास भरले त्याला आठवत नाही. कोणीतरी विचारलं, कोणाच्या हातची, आणि चंद्रप्रकाशनी उत्तर दिलं, "बल्ब माझा होता."

दुसऱ्या दिवशी लग्न झालं. तिसऱ्या दिवशी डॅरिलच्या गाडीत नवरीची पेटी चढली, जॅकलिन रडली, हसली, गेली. दिवेलागणीला घर रिकामं झालं. अल्फान्सोने बरणी धुतली, पुसली आणि तिच्या डागावर उपडी ठेवली. मग त्याने आपली गादी गुंडाळली आणि बाहेरच्या खोलीकडे निघाला.

पेट्रिशिया खोलीत पलंगावर नवी चादर घालत होती. "कुठे चाललास?"

"बाहेर. वाइन झाली ना आता. शिवाय थंडीही सरली." त्याने भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बोट दाखवलं. "काही न करता चोवीस आहेत."

पेट्रिशियाने थर्मामीटरकडे बघितलंसुद्धा नाही. तिने त्याच्या बगलेतली गादी ओढून घेतली, पलंगाशेजारी टाकली, आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"अजून थंडच आहे मेला," ती म्हणाली, आणि तिने तो सोडला नाही.